मुदत टळली कीं हक्क बुडाला !

(देगलूर तालुक्यांतील एका खेड्यांत, शाळेच्या पटांगणांत भरलेल्या शेतकरी, मजूर व कारागीर मंडळींच्या सभेंत तेथील शिक्षकानें केलेलें भाषण.)



दिवसभर राबून थकलेलें माणूस रात्रीं अंथरुणाकडे वळतें. तुम्ही तें सोडून येथें येऊन बसलां आहांत, तेव्हां तुमचा वेळ मी पाल्हाळानें घालविणार नाहीं. मी वकील नाहीं, पुढारीही नाहीं. तुमच्या लेंकरांना उजळणी व बाराखडी शिकविणारा मी एक मास्तर आहें. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत या गांवांतल्या निम्म्या घरांचे अर्ज माझ्या हातून लिहिले गेले. रेशनकार्डाचे, सात-बाराचे, पीकविम्याचे, नाना तऱ्हेचे अर्ज मीं लिहिले. आज मी त्या लिहिलेल्या अर्जांविषयीं बोलणार नाहीं. एक अर्ज मीं लिहिला नाहीं, त्याविषयीं बोलणार आहें.

मी नोकरीला लागलों त्या पहिल्या वर्षीं माझ्या वर्गांत एक गवंड्याचा पोरगा होता. हिशेबांत तल्लख, पण घरची गरिबी. सातवीनंतर थापी हातांत धरली. पुढें लग्न झालें, दोन लेंकरें झालीं, आणि आपल्या भागांतली शेंकडों माणसें जातात तसा तोही गुत्तेदाराबरोबर सीमेपलीकडे तेलंगणांत कामाला गेला. सन २०२२ च्या पावसाळ्यांत तिसऱ्या मजल्यावरून पाय घसरून तो पडला व जागींच गेला. वय वर्षें तीस. गुत्तेदारानें रात्रीं जीपमधून प्रेत आणून सोडलें, क्रियाकर्माला म्हणून चाळीस हजार रुपये दिले, आणि तिसऱ्या दिवशीं एक बाँडपेपर घेऊन आला. त्यावर लिहिलें होतें कीं, आम्हांस सर्व रक्कम पोहोंचली, आमची कोणावर कांहीं तक्रार नाहीं, पुढें कसलीही मागणी करणार नाहीं.

तो कागद त्याच्या बायकोला मींच वाचून दाखविला. तिनें मला विचारलें, "गुरुजी, अंगठा करूं का ?" आणि मी, चार बुकें शिकलेला माणूस, तिला म्हणालों, "कर बाई. गेलेला माणूस कांहीं परत येत नाहीं. निदान लेंकरांच्या तोंडांत घांस तरी पडेल."

बंधूंनो, त्या दिवशीं मला कायदा ठाऊक नव्हता. पण ठाऊक नाहीं एवढें तरी ठाऊक असावयास पाहिजे होतें. "थांब, मी विचारून येतों" इतके चार शब्द मीं उच्चारले नाहींत. पुढें अडीच वर्षांनीं देगलूरच्या कोर्टांत मी दुसऱ्याच कामाला गेलों असतां विधी सेवा समितीच्या एका वकिलांशीं बोलणें निघालें, आणि मला कळलें कीं, त्या बाईचा हक्क चाळीस हजारांचा नसून लाखांचा होता. तो मागण्याची मुदत दोन वर्षांची होती. आणि ती सहा महिन्यांमागें टळून गेली होती. आतां तिचा दावा दाखल झाला आहे. त्याला उशिराच्या माफीचा अर्ज जोडला आहे. माफी मिळाली तर दावा चालेल, न मिळाली तर दारांतच संपेल. जें तिनें हक्कानें मागावयाचें तें आज तिला हात जोडून मागावें लागत आहे, आणि त्याचें कारण मी आहें. दुसऱ्या कोणा बाईवर ही पाळी येऊं नये म्हणून मी आज उभा आहें.

आतां पहिली गोष्ट. ही भरपाई म्हणजे कोणाचा धर्म नव्हे, दान नव्हे, मालकाची मेहेरबानीही नव्हे. आपल्याच चळवळीच्या एका थोर पुरुषानें ही मागणी फार पूर्वीं केली आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सन १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा परळ येथें भरविल्या व सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जांत आठवड्याची सुटी होती, दुपारची विश्रांति होती, पगार वेळेवर मिळावा असें होतें. आणि एक कलम असें होतें कीं, कामावर इजा होऊन कामगार अंथरुणास खिळला तर बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा, व जन्माचा पंगू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली, ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु या दुसऱ्या कलमाचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. तो १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. म्हणजे मागणीपासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षें गेलीं. चाळीस वर्षें झगडून मिळविलेली वस्तु आपण दोन वर्षांत अर्ज न केल्यामुळें घालवावी, याहून दुसरें दुर्दैव कोणतें ?

हा १९२३ चा कायदा जवळजवळ शंभर वर्षें चालला. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागीं 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' हा नवा कायदा लागू झाला आहे. कोणी तुम्हांला सांगेल कीं, जुना कायदा गेला, आतां कांहीं मिळत नाहीं. तर तें खोटें समजा. भरपाईचें प्रकरण नव्या संहितेंत तसेंच आहे आणि दावा करण्याची मुदत तींतही दोन वर्षांचीच आहे. फरक इतकाच कीं, पूर्वीं ज्यास आयुक्त म्हणत त्यास आतां 'सक्षम प्राधिकारी' म्हटलें आहे. शिवाय घरून कामावर जातांना किंवा कामावरून घरीं येतांना अपघात झाला, आणि त्याचा कामाशीं संबंध दाखवितां आला, तर तोही कामावरचाच अपघात धरावा, असें नव्या संहितेंत स्पष्ट लिहिलें आहे.

भरपाई कोणास मिळते ? इजा कामावर असतांना व कामामुळें झालेली पाहिजे. कायद्याच्या अनुसूचींत कामांची यादी दिलेली आहे. त्यांत कारखाने आहेत, उंच इमारतींचें बांधकाम आहे, सुरुंग लावून केलेलें खोदकाम आहे, झाडें तोडणें व शिंदीच्या झाडावर चढणें आहे, आणि ट्रॅक्टरनें किंवा यंत्रानें केलेली शेतीही आहे. मळणीयंत्रांत हात गेला तर तें "शेतांतलें काम, त्याला कसला कायदा" असें म्हणून सोडून देऊं नका. काम यादींत बसतें कीं नाहीं तें अर्ज घेणारा अधिकारी पाहील. आपण आपल्या तोंडानें "बसत नाहीं" म्हणूं नये. ज्याची राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्याला मात्र हा पैसा विम्याच्या कचेरीकडून मिळतो. त्यानें तिकडे जावें.

दारू पिऊन काम केलें, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, तर साध्या इजेची भरपाई मालकास नाकारतां येते. पण माणूस मेला किंवा कायमचा सर्वस्वी पंगू झाला, तर हें निमित्त मालकास पुढें करतां येत नाहीं. "तो प्यालेला होता" हें वाक्य विधवेच्या तोंडावर किती वेळां फेकलें जातें, तें तुम्ही जाणतां. मृत्यूच्या दाव्यांत त्या वाक्याला कायद्यानें किंमत ठेविलेली नाहीं.

आतां मुदतींकडे येतों. या नीट ध्यानांत धरा. बायाबापड्यांनीं विशेष धराव्या, कारण प्रसंग येतो तेव्हां कागद हातांत घेऊन फिरणें त्यांच्याच कपाळीं येतें.

पहिली मुदत खबरेची. अपघात झाल्यावर होईल तितक्या लवकर मालकास लेखी खबर द्यावी. कोणास, केव्हां, कोठें, कशानें लागलें, एवढेंच साध्या भाषेंत लिहावें. तोंडी सांगितलेलें वाऱ्यावर जातें, म्हणून कागद रजिस्टर पोस्टानें धाडावा व पोस्टाची पावती जपून ठेवावी. खबर दिली नाहीं म्हणजे सारें बुडालें असें मात्र नाहीं. मालकाला अपघात दुसऱ्या वाटेनें कळलेलाच असेल, किंवा माणूस कामाच्या जागींच गेला असेल, तर खबरेवांचून दावा अडत नाहीं.

दुसरी मुदत मालकाची. भरपाई त्याच्याकडे अपघाताच्या दिवसापासून देणें निघते. एका महिन्याच्या आंत त्यानें ती दिली नाहीं, तर वर व्याज चढतें. जुन्या कायद्यांत तें दरसाल शेंकडा १२ होतें. आणि उशिराला कांहीं सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसूं शकतो. म्हणून मालक "पुढच्या महिन्यांत पाहूं, दिवाळीनंतर पाहूं" म्हणूं लागला तर समजावें कीं, व्याज त्याच्या डोक्यावर चढत आहे, आणि आपली मुदत आपल्या हातून गळत आहे.

तिसरी मुदत, आणि हीच मुख्य, दाव्याची. अपघाताच्या दिवसापासून दोन वर्षें. मृत्यु झाला असेल तर मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षें. एखादा मनुष्य पडला, वर्षभर खाटेवर राहिला व मग गेला, तर मृत्यूचीं दोन वर्षें मृत्यूच्या तारखेपासून मोजावयाचीं. धंद्याचा रोग असेल, जसा दगड फोडणाऱ्या आमच्या वडार बांधवांना धुळीनें फुप्फुसाचा रोग जडतो, तर त्या रोगामुळें सलग काम सुटलें त्याचा पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस धरतात. म्हणून डॉक्टरच्या पहिल्या चिठ्ठीवरची तारीख फाडून टाकूं नका.

दोन वर्षें म्हणजे पुष्कळ, असें वाटतें. तीं कशीं जातात तें सांगतों. पहिले तीन महिने रडण्यांत जातात. मग गुत्तेदार म्हणतो, साहेबांशीं बोललों आहें. मग पेरणी येते. मग काढणी येते. मग कोणी म्हणतो, वर्षश्राद्ध होऊं द्या. दुसऱ्या वर्षीं गुत्तेदाराचा फोन लागत नाहीं. तोंवर हजेरी लिहिणारा मुकादम दुसऱ्या गांवीं गेलेला असतो आणि बरोबर काम करणारे चार हात चार दिशांना पांगलेले असतात. मुदत कागदावर दोन वर्षांची आहे. पुराव्याची मुदत दोन महिन्यांचीच आहे असें समजून चाला.

योग्य कारण दाखविलें तर उशिराची माफी देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे. ज्यांचे दोन वर्षांचे दिवस आधींच टळले आहेत त्यांनीं निराश न होतां अर्ज करावा. पण हें दार अधिकाऱ्याच्या मर्जीचें आहे, आपल्या मालकीचें नाहीं. त्यावर विसंबून कोणी घरीं बसूं नये.

चौथी मुदत अपिलाची. निकाल विरुद्ध गेला तर हायकोर्टांत साठ दिवसांच्या आंत जावें लागतें.

यांखेरीज आपल्या लोकांच्या उपयोगाच्या आणखी दोन मुदती सांगून ठेवतों, कारण त्यांचा घोटाळा फार होतो. ऊस भरलेला ट्रॅक्टर उलटला, किंवा कामगारांचा टेंपो रस्त्यावर कलंडला, तर तो वाहनाचाही अपघात होतो. अशा वेळीं मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कामगार भरपाई अशीं दोन दारें असतात. दोन्ही दारांतून पैसा घेतां येत नाहीं. विचार करून एक निवडावें लागतें. पण मोटारीच्या दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीनें सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्या अटीविरुद्ध वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे; तरी आपण शहाण्यासारखें सहा महिनेच धरून चालावें. दुसरी गोष्ट, स्वतःच्या शेतांत राबणाऱ्या शेतकऱ्याला मालक कोण ? तोच मालक व तोच मजूर. त्याला साप चावला, वीज अंगावर पडली, विहिरींत तो पडला, तर कामगार भरपाई नाहीं. त्याच्यासाठीं राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. मृत्यु झाल्यास, किंवा दोन अवयव गेल्यास, दोन लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. खातेदाराबरोबर घरांतल्या एका बिनखातेदार माणसालाही ती लागू आहे. पण तिचा प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावयाचा असतो. तीस दिवस ! तेरावा उरकून पाहुणे गेले कीं त्यांतले निम्मे संपले.

येथें मला दोन कडू शब्द बोलूं द्या. आपल्या घरीं माणूस मेला कीं तिसरा, दहावा, बारावा, तेरावा यांतली एक तिथि चुकत नाहीं. कर्ज काढूं, पण पिंडाची वेळ टळूं देणार नाहीं. मासिक होतें, वर्षश्राद्ध होतें, भटजींना दक्षिणा पोहोंचते. गेलेल्याच्या मुक्तीसाठीं आपण इतके दिवस अचूक मोजतों, आणि मागें राहिलेल्या लेंकरांच्या भाकरीचे दिवस मोजावयास कोणी बसत नाहीं. "नशिबांत होतें, घडलें" असें म्हणून आपण उठतों. बंधूंनो, पायाखालची फळी कुजकी होती हें नशीब नव्हे. कमरेला दोर बांधला नाहीं हें प्राक्तन नव्हे. तो एका माणसाचा हलगर्जीपणा आहे. आणि भरपाई मागावयाला तो हलगर्जीपणा सिद्ध करण्याचीही गरज नाहीं. माणूस कामावर होता व कामामुळें मेला, एवढें दाखविलें म्हणजे पुरे.

किती पैसा मिळतो तें आतां हिशेबानें पाहूं. मृत्यु झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याला वयाप्रमाणें ठरलेल्या आंकड्यानें गुणावयाचें. माणूस जितका तरुण तितका आंकडा मोठा. विसाव्या वर्षीं तो २२४, तिसाव्या वर्षीं २०७.९८, चाळिसाव्या वर्षीं १८४.१७, आणि पन्नासाव्या वर्षीं १५३.०९ आहे. २०२० पासून जुन्या कायद्यांत महिन्याची मजुरी पंधरा हजारांपर्यंत धरीत असत. माझा तो विद्यार्थी तीस वर्षांचा होता, आणि महिना पंधरा हजार मिळवीत होता. निम्मे साडेसात हजार. त्यांस २०७.९८ नें गुणिलें तर १५,५९,८५० रुपये होतात. पुन्हां ऐका : पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशें पन्नास. आणि मीं त्याच्या बायकोचा अंगठा चाळीस हजारांवर घेवविला. तो पोरगा हयात असता तर हा गुणाकार त्यानें माझ्याआधीं केला असता.

अवयव गेला तर हिशेब निराळा. सर्वस्वी कायमचा पंगू झाला तर मजुरीच्या शेंकडा ६० ला त्याच आंकड्यानें गुणावयाचें. थोडा पंगू झाला तर त्यांतला हिस्सा; अंगठा गेला तर शेंकडा ३०, एक डोळा गेला व दुसरा चांगला असेल तर शेंकडा ४०. तीस वर्षांच्या, महिना दहा हजार मिळविणाऱ्या माणसाचा अंगठा यंत्रांत गेला, तर हिशेब ३,७४,३६४ रुपयांचा होतो. त्याला मलमपट्टीचे पांच हजार देऊन घरीं धाडतात, आणि तो मालकाचे पाय धरून येतो. औषधपाण्याचा खरा झालेला खर्चही मालकानेंच द्यावयाचा असतो. तो या रकमेंतून कापावयाचा नसतो.

कारागिरांनीं विशेष ऐकावें. हा शेंकड्याचा तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओरिसांतील जयपूर गांवीं १९६८ सालीं एक सुतार सिनेमागृहांत नक्षीकाम करितांना पडला व त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला, पुरी भरपाई कशाची ? आयुक्तानें म्हटलें कीं, एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून हा सुतार कामाला पूर्णपणें मुकला. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व डिसेंबर १९७५ मध्यें तेथेंही सुताराच्याच बाजूनें निकाल झाला. पैसा अपघाताच्या दिवसापासून देणें लागतो, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेंही त्याच निकालांत ठरलें. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, ज्याचें पोट दोन हातांच्या कसबावर आहे, त्यानें अर्जांत आपला धंदा व त्याला लागणारा अवयव स्पष्ट लिहावा.

आतां गुत्तेदाराच्या तीन थापा आहेत, त्यांचीं उत्तरें सांगतों.

पहिली थाप : "तुम्हीं बाँडवर अंगठा केला आहे, आतां कांहीं मागतां येत नाहीं." उत्तर असें कीं, भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानें रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई तर परभारें वारसाच्या हातांत देऊन मालकास मोकळें होतां येतच नाहीं; ती प्राधिकाऱ्याकडेच भरावी लागते. म्हणून ज्यांनीं अंगठा केला आहे त्यांनींही दावा करावा. दुःखांत घेतलेल्या अंगठ्याला हा कायदा भुलत नाहीं.

दुसरी थाप : "मी मालक नव्हे, मी नुसता माणसें पुरवितों." उत्तर असें कीं, एखाद्या धंदेवाल्यानें आपल्या धंद्याचें काम गुत्त्यानें दिलें, तर त्या गुत्त्यावरच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागतां येते. मग त्यानें ती गुत्तेदाराकडून वसूल करावी. तें त्यांचें आपसांतलें भांडण आहे. अर्जांत दोघांचीं नांवें घालावीं.

तिसरी थाप : "अपघात हैदराबादेस झाला, तिकडे कोर्टांत जा. भाषा येते का तिकडची ?" ही थाप आपल्या सीमेवरच्या लोकांना फार घाबरविते. पण १९९५ च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे कीं, अपघात झाला तेथें, किंवा मजूर अथवा त्याचे वारस राहतात तेथें, दावा करतां येतो. अपघात पुण्यास होवो, हैदराबादेस होवो, कीं निजामाबादेस, देगलूर तालुक्यांतल्या विधवेला आपल्या नांदेड जिल्ह्यांतच दावा करतां येतो.

कोठें जावें ? नांदेडास सहायक कामगार आयुक्तांची कचेरी आहे, तेथें विचारावें. वकिलाला पैसे नसतील तर देगलूरच्या कोर्टांत तालुका विधी सेवा समिति आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना, कारखान्यांतल्या कामगारांना आणि ठराविक उत्पन्नाखालच्या गरिबांना १९८७ च्या कायद्याप्रमाणें वकील फुकट मिळतो. दूर असाल तर १५१०० या सरकारी नंबरावर फोन करावा.

कागद कोणते जमवावे ? पोलिसांत दिलेल्या खबरेची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला व शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा पुरावा, आणि मजुरीचा पुरावा. शेवटच्या पुराव्यावरच बहुतेक दावे लंगडे पडतात. मुकादम हातांत रोख देतो, पावती देत नाहीं. म्हणून बँकेंत पैसे आले असतील तर त्याचा उतारा, मुकादमाच्या डायरीचा फोटो, फोनवर आलेला निरोप, बरोबर काम करणाऱ्या दोघांचीं नांवें, हें सारें पुराव्याचें काम करतें. घाईंत प्रेत गांवीं आणून पोलिसांत न कळवितां दहन करूं नका. पंचनामा झाला नाहीं म्हणजे अपघात झालाच नाहीं असें म्हणावयाला गुत्तेदार मोकळा होतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, दावा केला तर पुढच्या वर्षीं उचल कोण देईल ? सारे मुकादम एक होतात." ही भीति खोटी नाहीं. मी तिला हंसत नाहीं. ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्याला धीटपणा शिकविणें सोपें असतें. पण मुकादम एक होतात, तर आपण कां होऊं नये ? एकट्या विधवेनें दावा केला तर ती भांडखोर ठरते. गांवांतल्या प्रत्येक घरानें, प्रत्येक अपघातांत, न चुकतां दावा केला, तर ती रीत ठरेल. आणि रीत ठरली कीं गुत्तेदार आधींच विमा उतरवील व कमरेला दोर बांधील. भरपाईचा खरा लाभ तोच. माणूस मेल्यावर पंधरा लाख मिळण्यापेक्षां माणूस सांजच्याला घरीं येणें बरें.

म्हणून माझी एकच सूचना आहे. उद्यांपासून शाळेच्या कपाटांत एक जाड वही ठेवीत आहें. दसऱ्याच्या आधीं गांवांतून जो कोणी कामाला बाहेर जाईल, त्यानें किंवा त्याच्या घरच्यांनीं येऊन त्यांत लिहवावें : नांव, वय, कोणत्या गुत्तेदाराबरोबर, कोणत्या गांवीं, कोणाच्या कामावर, रोज किती, उचल किती, बरोबर कोण. त्याखालीं सही किंवा अंगठा. ती वही कोर्टांत किती चालेल तें वकील जाणोत. पण ज्या दिवशीं वाईट बातमी येईल त्या दिवशीं कोणाला पकडावयाचें तें त्या पानावर लिहिलेलें असेल. आणि ज्या घरीं तसा प्रसंग येईल त्या घराच्या पानावर मी लाल शाईनें दोन तारखा लिहीन : अपघाताची, आणि त्यानंतर दोन वर्षांची. मी बदलून गेलों तर ती वही माझ्यामागच्या शिक्षकाकडे राहील.

पहिलें पान मीं आजच भरलें आहे. तें माझ्या विद्यार्थ्याचें आहे. त्याची मुदत टळलेली आहे, तरी तारीख लिहिली आहे. ती बाई आज येथें आलेली आहे. तिच्या परवानगीनेंच हें सारें मीं बोललों. तिच्या दाव्याची पुढची तारीख आली कीं गांवांतल्या चार माणसांनीं तिच्याबरोबर नांदेडास यावें, एवढी विनंति करून मी खालीं बसतों.